समुद्रफूल मिटतं तेव्हा

समुद्रफुलाच्या अंगात हाड नाही आणि अंगावर कवच नाही. त्याला उभं ठेवतं ते आत कोंडलेलं पाणी. तोंडाच्या कडेला बारीक केसांनी भरलेली एक खाच असते, ते केस सतत हलत राहून बाहेरचं पाणी हळूहळू आत ओढतात, अंगाच्या भिंतीतले स्नायू त्या पाण्यावर दाब धरून ठेवतात आणि त्या दाबाच्या आधारावर खोड ताठ होतं, स्पर्शिका फुलतात. स्नायू आवळले आणि तोंड उघडलं की हेच पाणी काही क्षणांत बाहेर पडतं. सकाळी वीतभर पसरलेला प्राणी दुपारी मुठीएवढा गोळा झालेला दिसतो तो यामुळे. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे ज्याला ॲनिमोन म्हणतात त्या या जीवाबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे तो मेला की काय, आणि हा प्रश्न बहुधा अशा एखाद्या दुपारी विचारला जातो. मासा उलटा तरंगताना दिसला तर त्याचा अर्थ लगेच कळतो. समुद्रफुलाचा आकार असा वाचता येत नाही, कारण त्याचा आकार म्हणजे त्या घडीला आत किती पाणी आहे याची नोंद, त्याहून अधिक काही नाही. त्याची प्रकृती ओळखायची असेल तर एका नजरेत दिसणारं रूप बाजूला ठेवून त्याच प्राण्याच्या मागच्या काही दिवसांशी आजची तुलना करावी लागते. टाकीत ॲनिमोन दगावतात त्यातले पुष्कळ ही तुलना न करता केलेल्या घाईच्या उपायांनी दगावतात, असं माझं मत आहे, आणि त्यामागची कारणं सविस्तर मांडण्यासारखी आहेत.

आधी मिटण्याचाच विचार करू. समुद्रफुलाला एकच दार असतं. अन्न त्यातूनच आत जातं आणि पचून उरलेला चोथाही त्यातूनच बाहेर येतो. शरीरातलं जुनं पाणी बदलायचं तर ते एकदा सोडून द्यावं लागतं. म्हणून भरपूर खाल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी अंग आवळून तपकिरी तंतुमय गाळ बाहेर टाकणं ही त्याची नेहमीची क्रिया आहे. त्या गाळात श्लेष्म असतो, न पचलेलं अन्न असतं आणि त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालंही असतात. शैवालांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी निरोगी समुद्रफुलंही ती थोडीथोडी बाहेर टाकत असतात, त्यामुळे तो तपकिरी गाळ पाहून घाबरण्याचं कारण नाही. दिवे मालवल्यावर अनेक जाती मिटतात, काही जाती उलट रात्री अधिक फुलतात. पाणी बदललं, खारटपणात किंचित फरक पडला, एखादा खेकडा अंगावरून गेला, तरी अंग आवळलं जातं. आपल्याकडे मुंबईत हाजीअलीच्या किंवा कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी उघडी पडलेली समुद्रफुलं अशीच चिकट गोळे होऊन बसतात आणि भरतीचं पाणी आलं की पुन्हा उमलतात. मिटणं हे या प्राण्यांचं संरक्षण आहे, पचन आहे आणि विश्रांतीही आहे. ज्या एका कृतीला इतकी वेगवेगळी कारणं असतात तिच्यावरून रोगाचं निदान करता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल की कारणं अनेक असली तरी प्रत्येक मिटण्यामागे काहीतरी कारण तर असणारच, मग ते शोधायला काय हरकत आहे? या प्रश्नाचं उत्तर 1950 साली एलिझाबेथ बॅथम आणि कार्ल पँटिन यांनी केंब्रिजमध्ये केलेल्या कामात सापडतं. त्यांनी मेट्रिडियम जातीची समुद्रफुलं तासन्‌तास, दिवसेंदिवस पाहिली. डोळ्यांना न जाणवणाऱ्या संथ हालचाली फिरत्या नोंदपट्टीवर आणि मंदगतीने चित्रित केलेल्या फिल्मवर टिपल्या. परिस्थितीत काहीही बदल केला नाही तरी हा प्राणी स्वतःहून आकुंचन पावतो, प्रसरण पावतो, वळतो, पुन्हा स्थिर होतो, असं त्यांना दिसलं. तोवर समुद्रफूल म्हणजे बाहेरून धक्का दिला की प्रतिक्रिया देणारा जड जीव अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्याच्या हालचालीचा उगम आतूनही होतो आणि तो आपल्या सवयीच्या काळापेक्षा पुष्कळ मोठ्या काळात उलगडतो. आपण टाकीसमोर पाच मिनिटं उभे राहतो तेव्हा त्याच्या एखाद्या हालचालीचा मधलाच तुकडा आपल्याला दिसतो. अशा तुकड्यामागे दर वेळी बाहेरचं कारण शोधायला गेलं की नसलेलं कारण सापडतं, आणि मग त्या नसलेल्या कारणावर उपाय सुरू होतो.

दुसरी अडचण अशी की सगळी समुद्रफुलं सारखी नसतात, आणि हा फरक केवळ जातीजातीतला नाही. प्लिमथ विद्यापीठाच्या मार्क ब्रिफा आणि ज्युली ग्रीनवे यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ॲक्टिनिया इक्विना या लाल समुद्रफुलांना पाण्याच्या फवाऱ्याने दचकवून ती पुन्हा उघडायला किती वेळ घेतात हे मोजलं होतं. एकाच जातीची, एकाच किनाऱ्यावरची समुद्रफुलं. त्यातली काही लवकर उघडत, काही फार उशिरा, आणि पुन्हा पुन्हा मोजलं तरी जी उशिरा उघडणारी होती ती उशिराच उघडत. म्हणजे धीटपणा आणि बुजरेपणा हा मेंदू नसलेल्या, नुसतं मज्जातंतूंचं जाळं असलेल्या या जीवातही ज्याचा त्याचा असतो. 2023 साली स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमॅटोस्टेला या छोट्या समुद्रफुलाला प्रकाश आणि सौम्य विजेचा धक्का एकाच वेळी देऊन शिकवलं, तेव्हा पुढे नुसत्या प्रकाशानेही ते अंग आक्रसून घेऊ लागलं. घरच्या टाकीपुरता याचा अर्थ असा की मित्राच्या टाकीतला ॲनिमोन दिवसभर फुललेला असतो आणि आपला नसतो, या तुलनेला फारसा अर्थ नाही. आपल्या ॲनिमोनची तुलना त्याच्या स्वतःच्याच गेल्या पंधरवड्याशी करायची. रोज ठरावीक वेळी, एकाच कोनातून मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला तरी ही तुलना होते, आणि ती कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त सांगते.

मग खरोखर पाहायचं काय? तोंड, पाय, चिकटपणा आणि रंग, आणि या चारांतही ते चिन्ह परत पूर्ववत होतं की नाही. निरोगी समुद्रफुलाचं तोंड मिटलेलं, घट्ट असतं. पाणी सोडताना ते उघडतं, थोडा वेळ फुगून बाहेरही येतं, आणि पुन्हा बंद होतं. ते सैल पडून दिवसभर उघडंच राहिलं, आतले पडद्यासारखे पांढुरके तंतू बाहेर लोंबू लागले, दिवसातून तीनचारदा फुगणं आणि कोसळणं सुरू झालं आणि दर वेळी फुगवटा आधीपेक्षा कमी होत गेला, तर तो प्राणी खरोखर संकटात आहे. पायाची चकती खडकाला किंवा काचेला घट्ट धरून असते. ती काही काळ सुटली म्हणून बिघडत नाही, पण वाहत्या पाण्यात आधार मिळूनही एकदोन दिवसांत पायाने काहीच धरलं नाही, किंवा पायावर फाटलेली जागा दिसली, तर ते गंभीर आहे. दुकानात घेतानाच ही जखम बऱ्याचदा झालेली असते, कारण काचेवरून नखाने खरवडून काढलेला ॲनिमोन पिशवीत टाकून दिला जातो. म्हणून विकत घेताना वरचा रंग पाहण्याआधी खालचा पाय पाहावा.

चिकटपणा हे तिसरं चिन्ह फार कमी लोक नीट वापरतात. स्पर्शिकेला बोट किंवा चिमटा लागला की ती चिकटल्यासारखी वाटते. हा गोंद नाही, हजारो दंशपेशी एकाच वेळी सुटून त्यांचे सूक्ष्म तंतू बोटात रुतल्याची ती जाणीव आहे. समुद्रफुलाच्या दूरच्या नात्यातल्या हायड्राच्या दंशपेशींचं सेकंदाला लाखो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करून 2006 साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की त्यातला सर्वांत वेगवान टप्पा 700 नॅनोसेकंदांत पूर्ण होतो. प्राणिजगतातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. ही पेशी एकदाच वापरता येते, मग नवी तयार करावी लागते, आणि नवी तयार करायला ऊर्जा लागते. उपाशी, खंगलेल्या समुद्रफुलाला ती परवडत नाही. त्यामुळे फुललेला दिसणारा पण स्पर्शिकांना अजिबात पकड नसलेला ॲनिमोन मिटलेल्या पण चिकट ॲनिमोनपेक्षा जास्त काळजीचा असतो. रोज बोट लावून तपासणं मात्र योग्य नाही. खाऊ घालताना चिमट्यातला कोळंबीचा तुकडा स्पर्शिका कशी धरते, तोंडाकडे नेते की सोडून देते, एवढं पाहिलं की पुरे.

सर्वांत फसवं चिन्ह रंगाचं. उष्ण समुद्रातल्या ज्या दहा जातींच्या समुद्रफुलांत क्लाउनफिश राहतात त्या सगळ्यांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवालं असतात. ती सूर्यप्रकाशात शर्करा तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात, यजमान त्यांना कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त टाकाऊ द्रव्यं देतो. समुद्रफुलाची तपकिरी छटा या शैवालांची असते. हिरवा, लाल, केशरी असे झगमगते रंग त्याच्या स्वतःच्या प्रकाशमान प्रथिनांचे. घरच्या टाक्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या एंटाक्मिया क्वाड्रिकलर, म्हणजे बबल टिप ॲनिमोनमधून शोधलेलं असं एक लाल प्रथिन 2002 पासून पेशीविज्ञानात खुणेसाठी वापरलं जातं. पाणी फार तापलं, प्रकाश अचानक बदलला, किंवा दीर्घकाळ अंधार मिळाला तर शैवालं नाहीशी होतात आणि मागे उरतो पांढराशुभ्र किंवा पारदर्शक, कधी फिकट गुलाबी किंवा पोपटी झाक असलेला प्राणी. तो दिसायला सुंदर असतो. तो पूर्ण फुललेला असतो, कारण फुलायला पाणी लागतं, शैवालं लागत नाहीत. आणि तो उपाशी असतो. बाजारात असे पांढरे ॲनिमोन दुर्मीळ रंगाचे म्हणून जास्त किमतीला विकले जातात, काही वेळा त्यांना पिवळा किंवा निळा रंग चढवलेलाही असतो. आकारावर भरवसा ठेवणाऱ्याची सर्वांत मोठी फसवणूक इथे होते.

पण पांढरं पडणं म्हणजे मरणही नव्हे, आणि याचा पुरावा समुद्रातूनच मिळतो. 2016 च्या उष्णतेच्या लाटेत ताहितीजवळच्या मोरेआ बेटाभोवतीची हेटरॅक्टिस मॅग्निफिका जातीची पुष्कळ समुद्रफुलं पांढरी पडली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पांढऱ्या पडलेल्या समुद्रफुलांतल्या क्लाउनफिशमध्ये ताणाचं संप्रेरक वाढलं आणि त्यांची अंडी घालण्याची क्षमता 73 टक्क्यांनी घटली. पाणी निवल्यावर काही महिन्यांत समुद्रफुलांना शैवालं परत मिळाली आणि मासेही सावरले. टाकीतल्या पांढऱ्या ॲनिमोनलाही सावरता येतं. त्यासाठी तो सावरेपर्यंत त्याला दुसऱ्या मार्गाने अन्न द्यावं लागतं, म्हणजे कोळंबीचा किंवा माशाचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून दोनतीनदा. मोठा तुकडा दिला तर तो गिळून दुसऱ्या दिवशी ओकून टाकतो आणि त्यात असलेली ताकदही घालवतो. दुसरी गोष्ट, त्याला तीव्र प्रकाशात आणायची घाई करायची नाही. शैवालं नाहीत तर प्रकाश जास्त द्यावा, हा विचार वरवर सरळ वाटतो, पण तापलेल्या पाण्यात तीव्र प्रकाश पडल्यावर शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन-द्रव्यं तयार होतात, आणि त्यापासून वाचण्यासाठीच यजमान शैवालांना बाहेर काढतो. मध्यम प्रकाश, स्थिर तापमान आणि वेळ, एवढंच त्याला हवं असतं.

चालण्याबद्दलही हेच. समुद्रफूल पायाच्या चकतीवर सरकतं, कधी पाय सोडून प्रवाहाबरोबर वाहत जातं. टाकीत आणल्यावर पहिल्या काही दिवसांत ते फिरतं, कारण आपण ठेवलेली जागा त्याला पसंत नसते, आणि त्याची पसंती जातीनुसार ठरलेली असते. बबल टिप पाय खडकाच्या खोल फटीत लपवून फक्त स्पर्शिका उजेडात ठेवतं. हेटरॅक्टिस मॅग्निफिका खडकाच्या माथ्यावर, प्रवाहात, उघड्यावर बसते. कच्छच्या आखातात नरारा बेटाच्या उथळ पाण्यात दिसणारा हॅडनचा गालिचा ॲनिमोन वाळूत पाय रोवतो. म्हणून फट नसलेल्या टाकीत बबल टिप, किंवा जेमतेम बोटभर वाळूत गालिचा ॲनिमोन ठेवला तर तो चालत राहणारच. ती त्याची तक्रार आहे आणि ती ऐकायची असते. त्याला उचलून पुन्हा आपल्या आवडीच्या जागी नेऊन ठेवणं म्हणजे तक्रार खोडून टाकणं, आणि दर वेळी उचलताना पायाला इजा होण्याचा धोका वाढतो. टाकीच्या मालकाने फक्त एवढं करायचं की फिरण्याच्या काळात वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंख्याच्या, आणि पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी लावायची. आजाराच्या तुलनेत पंपात ओढलं जाऊन चिरडून येणारा मृत्यू अगदीच टाळता येण्यासारखा आहे.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. वाट पाहा, हात लावू नका, असं म्हणणं सोपं आहे, पण ॲनिमोन खरोखर मरत असेल तर वाट पाहण्याची किंमत सगळ्या टाकीला मोजावी लागते. हे खरं आहे. समुद्रफुलाचं शरीर बहुतांशी पाणी आणि मऊ ऊती. मेल्यावर ते काही तासांत विरघळू लागतं, अमोनिया झपाट्याने वाढतो आणि शंभरदीडशे लिटरच्या टाकीत रातोरात मासे दगावू शकतात. मात्र मी सांगतो आहे ते वाट पाहणं म्हणजे डोळे मिटून बसणं नाही. मरणाऱ्या समुद्रफुलाची चिन्हं संदिग्ध नसतात. ऊती जेलीसारख्या सुटून पाण्यात तरंगू लागतात, तोंड उघडं पडून आतले भाग बाहेर येतात आणि पाण्याबाहेर काढताच कुजक्या मांसाचा वास येतो. मिटलेल्या निरोगी समुद्रफुलाला असा वास कधी येत नाही. वास आला की काढून टाकायचं, मीठ घालून तयार ठेवलेल्या पाण्याने टाकीतलं बरंचसं पाणी बदलायचं, ताजा सक्रिय कोळसा घालायचा. वास नसेल आणि अंग अखंड असेल, तर पुढचे चोवीस तास पाहणं हाच योग्य निर्णय असतो. लहान टाकीत धोका जास्त, म्हणून या प्राण्यासाठी टाकी मोठी हवी आणि ती निदान सहा महिने चाललेली हवी, हा नियम शौकीन लोक पाळायला सांगतात त्यामागेही हेच कारण आहे.

दुसरा आक्षेप जास्त मोहक आहे. प्राण्याकडे पाहत बसायचं कशाला, पाण्याची तपासणी करा, आकडे बरोबर असले की ॲनिमोन बरा असणारच. आकडे महत्त्वाचे आहेतच. तापमान 24 ते 27 अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच 8.1 ते 8.4, यापलीकडे गेलेल्या टाकीत समुद्रफुलाच्या वागण्याचं विश्लेषण करण्यात अर्थ नाही. पण टेस्ट किट त्या घडीचं पाणी सांगतं, आणि बाटलीत ज्याची चाचणी आहे तेवढंच सांगतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर पूर्वी कधी तांब्याचं औषध टाकलं असेल तर ते खडकांत आणि वाळूत मुरून राहतं आणि माशांना न बाधणाऱ्या प्रमाणातही समुद्रफुलाला मारतं. नेहमीच्या किटमध्ये तांब्याची चाचणी नसते. रात्रीचा ऑक्सिजनही सहसा कुणी मोजत नाही. 2013 च्या एका अभ्यासात समुद्रफूल आणि त्याचे क्लाउनफिश अंधारात एकत्र असताना वेगवेगळे असतानाच्या बेरजेपेक्षा 1.4 पट ऑक्सिजन वापरतात असं आढळलं. मासे रात्री स्पर्शिकांमध्ये शेपटी हलवून पाणी खेळवतात आणि त्यामुळे स्पर्शिका उघड्या राहतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. वीज गेली, पंप बंद पडले, की पहिला परिणाम याच ऑक्सिजनवर होतो. वीज परत आली की सकाळी सगळे आकडे ठीक दिसतात, आणि ॲनिमोन मात्र मिटलेला असतो.

आपल्या हवेत तापमानाचा प्रश्न वेगळा म्हणून पाहायला हवा. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या घरात पाणी सहज 30 अंशांपुढे जातं. बरेच जण टाकीवर छोटे पंखे लावून बाष्पीभवनाने पाणी थंड करतात. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो, किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात मात्र बाष्पीभवनच मंदावतं आणि पंखा जवळजवळ निरुपयोगी होतो. शिवाय पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज आरओ पाण्याने पातळी भरावी लागते. एकदम बादलीभर ओतलं तर खारटपणा खाली येतो आणि समुद्रफूल आवळतं. दिवसभरात दोनतीन अंशांचा चढउतार होणाऱ्या टाकीपेक्षा किंचित गरम पण स्थिर टाकी बरी, असं अनुभवी लोक सांगतात ते मला पटतं, तरीही किनारपट्टीवर पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च झेपत नसेल तर ॲनिमोन ठेवू नये, हेच खरं.

आजाराची खात्री नसताना औषध देण्याबद्दलही इथेच बोलायला हवं. काही जाती, विशेषतः मोठे गालिचा ॲनिमोन, दूरच्या प्रवासानंतर दिवसातून अनेकदा फुगतात आणि कोसळतात. त्यांच्यावर वेगळ्या पात्रात सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचे उपचार करण्याची पद्धत जगभरच्या शौकिनांत रूढ आहे आणि त्यातून काही प्राणी वाचतातही. पण एकदा मिटलेल्या समुद्रफुलाला सावधगिरी म्हणून गोळी विरघळवून देणं आणि ते पाणी नंतर मोरीत ओतून देणं, यात धोका आपल्याच गटारांतल्या जिवाणूंना औषधाला दाद न देण्याची सवय लागण्याचा आहे. आपल्याकडे ही औषधं चिठ्ठीशिवाय सहज मिळतात म्हणून ही काळजी अधिक घ्यायला हवी.

आता तिसरा आक्षेप. एखाद्याचा ॲनिमोन वर्षभर जगला, फुलतो, दोनदा विभागलाही, मग त्याने तुमच्या या सगळ्या खुणा कशाला पाहाव्यात? उत्तर वयात आहे. स्कॉटलंडमधले निसर्गअभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅलिएल यांनी 1828 साली नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून ॲक्टिनिया इक्विनाचं एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. 1851 मध्ये डॅलिएल गेले, पण ते समुद्रफूल एका पालकाकडून दुसऱ्याकडे जात एडिनबरात जगत राहिलं. त्याला ग्रॅनी असं नाव पडलं, त्याने शेकडो पिलं दिली, आणि ते 1887 मध्ये मेलं. म्हणजे बरणीतच 59 वर्षं. या जातीत शैवालं नसतात, त्यामुळे तिच्या गरजा कमी असतात हे मान्य. तरीही ज्या प्राण्याला नैसर्गिक म्हातारपण जवळजवळ दिसत नाही त्याच्या बाबतीत एक वर्ष हा यशाचा मापदंड होऊ शकत नाही. शैवालं गमावलेला, रोज थोडा थोडा खंगणारा मोठा ॲनिमोन पूर्ण मरायला कित्येक महिने घेतो, कारण तो स्वतःच्याच ऊती पचवत लहान होत जातो. तो रोज फुलतो, फक्त मागच्या महिन्यापेक्षा थोडा कमी. विभाजनाचंही तेच. बबल टिप उभं चिरून दोन होतं तेव्हा मालकाला आनंद होतो, पण समुद्रफुलं भरपूर अन्नाने जशी विभागतात तशी काही जातींत उपासमारीने आणि ताणानेही विभागतात. नवी झालेली दोन्ही फुलं महिन्याभरात मूळ आकाराकडे वाढत असतील तर ती वाढ, दोन्ही लहानच राहत असतील तर तो ऱ्हास. फरक फक्त पुढच्या आठवड्यांत दिसतो.

आणि म्हणूनच समुद्रातून आणलेल्या ॲनिमोनबद्दल मला वेगळा आग्रह धरावासा वाटतो. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. ते उभारणाऱ्या फिलिप हेन्री गॉसने पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं वेड पसरवलं. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने 1907 साली लिहिलेल्या आत्मकथनात तिथले किनारे शौकिनांनी ओरबाडून ओसाड केल्याची खंत नोंदवली आहे. 2005 साली फिलिपिन्समध्ये झालेल्या अभ्यासात, जिथे समुद्रफुलं आणि क्लाउनफिश व्यापारासाठी पकडले जातात तिथे दोघांचीही संख्या कमी आढळली, आणि क्लाउनफिशच्या घटीचा 80 टक्क्यांहून मोठा भाग समुद्रफुलांच्या घटीने समजावता येत होता. मासा पुन्हा वाढतो, त्याला राहायला देणारं समुद्रफूल हळू वाढतं. शिवाय क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोनची गरजच नसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमसारख्या ठिकाणी त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे, आणि हॅचरीत जन्मलेले असे मासे ॲनिमोन कधी न पाहता आयुष्य काढतात, अंडी घालतात. ज्याला समुद्रफूल ठेवायचंच आहे त्याने दुसऱ्याच्या टाकीत विभागून झालेला बबल टिप घ्यावा. तो टाकीच्या उजेडाला, पाण्याला आणि चिमट्याला सरावलेला असतो, त्याचा पाय अखंड असतो, आणि त्याचा मागचा महिना कसा गेला हे विचारायला त्याचा आधीचा मालक समोर असतो.